मिशरीला कोण तंबाखू म्हणतं

दवाखान्याच्या बाकड्यांचा मला आता वीट आलाय. मंठाळहून बसनं गुलबर्ग्याला जायचं, नंबर लावायचा आणि अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहायचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोघींचेही नवरे गेले, तेव्हापासून आमची चूल एकच.

तिचं डोकं वर्षानुवर्षं दुखायचं. बीपीची गोळी होती, पण दुखलं की घ्यायची, राहिलं की बंद. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी डोक्याचा फोटो काढला, तर मेंदूतल्या एका शिरेला फुगा आलेला. सायकलच्या ट्यूबला झिजल्या जागी येतो तसा, डॉक्टर म्हणाले. फुटला तर जिवावरचं, त्याआधी ऑपरेशन करू. मग विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई," अक्का म्हणाली. मीही मान हलवली. तिच्या कमरेच्या पिशवीत मिशरीची डबी होती, तरी आम्ही खोटं बोलत नव्हतो. तंबाखू खातात गडीमाणसं. मिशरी म्हणजे दात घासणं. आई गेल्यापासून आम्हा दोघींसाठी बाजारातून तंबाखूची पानं आणून तव्यावर मीच भाजायची, मीच कुटायची.

"घरात असं अचानक कुणी गेलं होतं?"

"आई गेली की," मी म्हणाले. "पीठ मळता मळता डोस्कं धरली अन् पडली. पर तिला भानामती झाल्ती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. आईलाही असाच फुगा असेल, म्हणाले. रक्तदाब सांभाळला नाही, तंबाखू असली, घरात कुणाला हे असलं, तर धोका वाढतो. उतारवयात बायकांना जास्तच. भानामती केली म्हणून शेजारच्या म्हातारीशी आम्ही ती मरेपर्यंत बोललो नव्हतो.

मग त्यांनी अक्काचे काळे दात बघितले. तिनं डबी काढून सरळ टेबलावर ठेवली. "मिशरी हाय. हीच करती."

"ही तंबाखूच आहे, आजी. आजपासून बंद." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचाही फोटो काढावा लागेल."

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. अक्कानं त्या दिवसापासून मिशरी सोडली, गोळी वेळेवर घेऊ लागली. मी मात्र फोटोचं उद्यावर ढकलत राहिले आणि रोज सकाळी परसात जाऊन गुपचूप मिशरी लावत राहिले. जित्याची खोड, दुसरं काय.

चौथ्या दिवशी ती मागनं आली. मी बोट पदरात लपवलं. ती रागावली नाही, धुण्याच्या दगडावर बसली.

"फोटोला कामून जाईनास?"

"भ्या वाटायलंय, अक्का."

"मला बी वाटायलंय. पर मी कुणासाठी डोस्कं उघडून घ्यायलेय? तूच गेलीस तर मला वाचून काय करायचंय?"

मी चूळ भरली. डबी तिनं मागितली नाही, मीच दिली. मग सकाळच्या बसनं दोघी गुलबर्ग्याला गेलो. नंबर माझ्या नावावर लावला. बाकड्यावर बसलो तेव्हा तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.