रतन चुकीच्या वर्गात शिरला

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत रतन इंगोले कुकरच्या शिट्ट्या बनवायचा. लेथ मशीनवर पितळेचा तुकडा तो असा काही फिरवायचा, की पुढे त्याला कानस लावायची गरज पडत नसे. नवा कारागीर आला की मालक त्याला थेट रतनच्या शेजारी उभं करायचा. हे सगळं अर्थात रतनचे हात थरथरायला लागण्याआधीचं.

दारू त्याच्या घरात चोरपावलांनी आली. आधी फक्त पगाराच्या दिवशी, मग दर रविवारी, मग कामावरून सुटल्यावर रोज. शेवटी शेवटी सकाळी उठल्या उठल्याही लागायला लागली, कारण त्याशिवाय ब्रशवर पेस्टसुद्धा धड पडेना. मालक माणूस भला. त्याने रतनला कामावरून काढलं नाही, नुसतं मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. दुसऱ्यांनी बनवलेल्या शिट्ट्या पिशव्यांत भरताना रतन मान वर करत नसे. घरी त्याने पाठ दुखते म्हणून काम बदलून घेतलं, असं सांगितलं होतं. त्याची बायको चंपा बालवाडीत मदतनीस होती. तिला सगळं कळत होतं, पण बोलून बोलून थकल्यावर तिने तो विषयच सोडून दिला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा. तिचं लग्न मुलुंडच्या आकाशशी ठरलं. दोन्हीकडची माणसं खूश होती. एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती, रतन समोर टीव्ही बघत होता. मान खाली घालूनच तिने विचारलं, “पप्पा, लग्नात मी तुमच्याकडे बघेन तेव्हा तुम्ही शुद्धीत असाल ना?”

आवाजात राग नव्हता. हॉलला पार्किंग आहे का, असं विचारावं तितक्या साधेपणाने तिने विचारलं. रतन हो म्हणाला आणि मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून, बराच वेळ बसून राहिला.

दारू सोडलेली माणसं दर रविवारी सकाळी एका शाळेत जमतात, एकमेकांना धरून राहतात, असं त्याला कारखान्यातल्या एकाने पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्यावर, टोकाचा वर्ग. पहिल्या रविवारी रतन शाळेच्या फाटकापर्यंत गेला, समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायला आणि घरी परतला. पुढच्या रविवारी मात्र तो जिना चढला. काय बोलायचं ते घोकण्याच्या नादात मजले मोजायचं भान त्याला राहिलं नाही.

टोकाच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत बाकं भिंतीला लावून बायका गोल करून बसल्या होत्या. कोणी घाम पुसत होतं, कोणी पाणी पीत होतं. सगळ्याच बायका बघून तो जरा बिचकला, पण म्हटलं मुंबई आहे, इथे बायकाही पीत असतील. तो कडेच्या बाकावर टेकला. नऊवारीवर बूट घातलेल्या एका उंच बाईने त्याला पाहिलं आणि बोला म्हणाली.

आठवडाभर घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडात तयारच होतं. फरशीकडे बघत तो म्हणाला, “माझं नाव रतन. मी रोज पितो. सकाळीपण पितो. मला सोडायचीय, पण एकट्याला जमत नाही.”

एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. मशीन सुटल्याचं, पाठीच्या खोट्या दुखण्याचं, भाजी निवडता निवडता मुलीने विचारलेलं, सगळं तो बोलून गेला. शेवटी त्याने मान वर केली, तर दोघी-तिघी पदराने डोळे टिपत होत्या. पण एकीच्या हातात सूप होतं आणि दुसरीच्या हातात लाटणं.

“दादा,” बूटवाली बाई हळूच म्हणाली, “आम्ही मंगळागौरीच्या खेळांची तालीम करतोय. तुमची मंडळी वरच्या मजल्यावर बसतात. पण बोललात ते बरं झालं. चला, मी येते सोबत.”

रतनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यातच सूपवाल्या बाईच्या मागून एक ओळखीचा चेहरा पुढे आला. त्यांच्याच इमारतीतली रेवती, जिचं साधं बोलणंही सगळ्या मजल्यांवर ऐकू यायचं. वाट लागली, तो मनात म्हणाला. तेवढ्यात कोपऱ्यात कोणालातरी हसू फुटलं, ते दाबता दाबता दुसरीला फुटलं, आणि बघता बघता सगळा वर्ग हसायला लागला. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. रतनलाही हसू आलं. न पिता आपण इतके कधी हसलो होतो, त्याला आठवेना.

बूटवाल्या बाईंचं नाव मृणालिनी. त्या आणि रेवती त्याला वरच्या दारापर्यंत सोडून आल्या. तिथे चंदू भेटला, मढचा कोळी, मासे विकणारा, दारू सोडून कैक वर्षं झालेला. खाली काय घडलं ते ऐकून तो इतका हसला की त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाला, “तुझा अर्धा काम खालीच झाला रे. मला तोंड उघडायला वर्ष लागला होता.”

हसून झाल्यावर त्याने रतनला नीट समजावलं. शरीराला इतकी सवय असताना एकदम बंद करायची नाही, आधी डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी तो स्कूटर घेऊन दाराशी हजर झाला आणि रतनला हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती विभागात घेऊन गेला. तिथले पहिले दिवस वाईट गेले. अंग कापायचं, कपडे घामाने भिजायचे, अन्न नको व्हायचं. चंपा उशाशी बसून राहायची. पण औषधं लागू पडली, आणि एका सकाळी त्याने स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलून, न सांडता संपवला. चंपाने तो कप कितीतरी वेळ हातात धरून ठेवला.

रेवतीने इमारतीत चकार शब्द काढला नाही. ती फक्त चंपाकडे आली आणि तालमीला चल म्हणाली. चंपाने कचरत सांगितलं की आमच्यात मंगळागौर पुजत नाहीत. रेवती म्हणाली, “पूजा कोण करतंय? फुगडी घालता येते ना?”

फुगडीत चंपाला हिंगोलीकडच्या तिच्या गावात कोणी हरवलेलं नव्हतं. तेव्हापासून रविवारी नवरा-बायको एकाच शाळेत जायला लागले. वर रतनची मंडळी गंभीरपणे बोलत बसलेली असायची आणि खालून धमधम पाय आपटल्याचा आवाज यायचा. त्यात चंपाचं हसू वेगळं ओळखू यायचं. चंदू म्हणायचा, थांबा जरा, रतनच्या बायकोचं हसून होऊन जाऊ दे.

मध्ये एकदा रतन घसरला. मालाडला एका मित्राच्या निरोपाच्या पार्टीत कोणीतरी ग्लास हातात दिला आणि त्याने तो रिकामा केला. मग दुसराही. पण या वेळी तो लपला नाही. रस्त्यावर येऊन त्याने चंदूला फोन लावला. चंदू मासळीची टोपली बायकोवर सोपवून तसाच आला आणि त्याला घरापर्यंत घेऊन गेला. रतनने स्वतः चंपाला सांगितलं. ताट वाढायला घेत ती म्हणाली, “सांगितलंत ना. आता जेवून घ्या.”

पुढे मालकाने त्याला परत मशीनवर उभं केलं. पहिली शिट्टी वाकडी झाली, दुसरीही. मालक पितळेचे आणखी तुकडे त्याच्यापुढे ठेवून गेला. दुपारपर्यंत हात वळणावर आले.

संघमित्राचं लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये सकाळच्या वेळी लागलं. भंतेजींच्या मागून सगळे पंचशील म्हणू लागले. इतकी वर्षं लग्नांमध्ये मद्य न पिण्याचं पाचवं शील आलं की रतन खोकायचा किंवा रुमाल शोधायचा. या वेळी त्याने ते खणखणीत म्हटलं, इतकं की पुढे उभी असलेली संघमित्रा मागे वळून बघायला लागली. तो तिच्याकडेच बघत होता. तिचे डोळे भरून आले आणि ती हसली.

जेवणाच्या वेळी आकाशचा एक मित्र रतनला कोपऱ्यात घेऊन गेला. खाली गाडीत सोय आहे, काका, पोरीचं लग्न आहे, एक तरी घ्या, म्हणून आग्रह करायला लागला.

“मी दारुडा आहे, बाळा,” रतन म्हणाला. “मला एक पुरत नाही. जिलबी कुठे वाढतायत?”

पोरगं ओशाळलं, पण त्याने रतनला जिलबीपर्यंत आणून सोडलं. रतनने ताट भरून घेतलं आणि चंपाशेजारी येऊन बसला. डॉक्टरांनी गोड जपून खायला सांगितलंय, याची तिने आठवण करून दिली. तो म्हणाला, आजचा दिवस राहू दे. ती बरं म्हणाली, आणि त्याच्या ताटातली सगळ्यात मोठी जिलबी उचलून तिने आपल्या तोंडात टाकली.