विड्यातल्या सुपारीने फुटलेली दाढ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते, आजही. माझे वडील सायन्सचे मास्तर. आमच्याकडे कधी दृष्टसुद्धा काढली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

माझं लग्न पन्नास सालानंतरचं, सासर कल्याणचं. लग्नात विडे तोडायचा खेळ होता — एकाने विडा दातात धरायचा, दुसऱ्याने दातानेच तोडायचा. सासूबाईंनी गंमत म्हणून माझ्या विड्यात अख्खी सुपारी दडवली. मी जोरात चावले, कट्‌कन आवाज झाला आणि सगळा मांडव हसला. सर्वांत मोठ्याने त्याच.

तेव्हापासून डावी दाढ ठणकायला लागली. कल्याणच्या डॉक्टरांना कीड दिसेना, एक्स-रे स्वच्छ. मग काय, सासूबाईंना रान मोकळं. "दाढ कसली दुखतेय, कामं नकोत हिला," असं आल्यागेल्याला सांगायच्या आणि मुद्दाम शिळी, कडक भाकरी वाढायच्या. हे मान खाली घालून जेवायचे.

शेवटी ह्यांनी ठाण्याच्या एका डेंटिस्टची वेळ घेतली. "तोही काही नाही म्हणाला, तर तिथूनच हिला माहेरी पोचवायचं. कायमचं," असं बजावून सासूबाई सोबत आल्या. बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी एकेका दाढेवर लाकडी काडी ठेवली. "चावा... आता सोडा. दाढेला चीर असली, तर चावताना नाही, सोडताना कळ येते. एक्स-रेत ती बहुतेक दिसतच नाही."

दुखऱ्या दाढेखाली मी काडी चावली, डोळे घट्ट मिटले आणि सोडली.

मला काहीच झालं नाही. बाहेर सासूबाई किंचाळल्या.

डॉक्टर धावले. त्या डावा गाल धरून बसल्या होत्या. तोंड उघडायला लावलं, तर आत एकही दात नव्हता. कवळी हातातल्या रुमालात होती.

"योगायोग," म्हणत डॉक्टर परत आले. पुन्हा काडी, पुन्हा किंकाळी. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलंच नव्हतं... मीच काडी चावून सोडली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "चीर आहे, नक्की. धातूची टोपी बसवू, म्हणजे दुखणं थांबेल."

"नको," मी म्हटलं. "आता मला दुखत नाही."

माहेरी पाठवायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. सासूबाई स्वतःच्या हाताने मला मऊ भात कालवून द्यायच्या. आळीतल्या बायका म्हणायच्या, सासू असावी तर अशी.

दातच नसलेल्या हिरड्यांत माझ्या दाढेची कळ कशी जायची, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या होत्या तोवर मी कुणाला विचारलंही नाही. "उजवीकडून चाव गं बाई," म्हणून त्या समोर बसून हात जोडायच्या. मी भात बाजूला सारायचे, मूठभर भाजलेले चणे घ्यायचे आणि त्यांच्याकडे बघत डावीकडून चावायचे. सोडायचे मात्र अगदी सावकाश.