तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

सकिनाबीच्या जिभेला हाड नव्हतं, हे सावित्री नदीपलीकडच्या त्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा लवकर गेला. महाडच्या बाजारात सुकी मासळी विकून तिने मुलाला, हाशिमला, वाढवलं, मस्कतला धाडलं. अशा बाईला बोलायचा हक्क असतो, असं ती स्वतःच म्हणे. आता तिला एकच हवं होतं, मांडीवर नातवंड.

शहाण्णवच्या जानेवारीत ते आलं. पण पोराच्या पाठीवर, कण्याशी, उघडी जखम होती. अकरा दिवस जगलं.

"ग्रहणात विळीवर बसलीस गो तू," सकिनाबी सुनेला म्हणाली. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी अम्बरीनला एकटीला बसवून सांगितलं होतं: ग्रहण लागलं तेव्हा तुला सहावा महिना होता, आणि बाळाची पाठ मिटते ती पहिल्याच महिन्यात, बाईला दिवस गेल्याचं धड कळतही नाही तेव्हा. दोष तुझा नाही. पुढच्या खेपेला नवरा यायच्या तीन महिने आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घे, पुष्कळदा टळतं. हे सासूला कुणी सांगितलं नाही.

हाशिम दोन वर्षांनी एकदा येई. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात येणार होता. फेब्रुवारीत सकिनाबीला तांदळाच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट सापडलं.

नवरा परमुलखात आणि सून लपवून गोळ्या खाते! मन चिंती ते वैरी न चिंती. या दिवस न राहण्याच्याच गोळ्या, असं तिने धरलं; बाहेर कळलं तर घराची अब्रू जाणार. एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई नेमकी इथे गप्प बसली. एका शब्दाने विचारायचं होतं, तेवढं तिला जमलं नाही. पाकीट तिने चुलीत टाकलं आणि भाकरी थापायला बसली.

हाशिम आला, गेला. अम्बरीनला दिवस राहिले. सकिनाबीचा संशयही विरला, ती सुनेला मागे लागून खाऊ घालू लागली. पाचव्या महिन्यात दोघी सोनोग्राफीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला.

"याही बाळाचा कणा उघडा दिसतोय," त्या हळूच म्हणाल्या. "हाशिम यायच्या आधी गोळ्या घेतल्या होत्यास ना?"

"कसल्या गोळ्या?" सकिनाबीने विचारलं. बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"विसरले मी," अम्बरीन मान खाली घालून म्हणाली.

"ती इसरली नाय," सकिनाबी म्हणाली. "मी चुलीत टाकल्या."

गोळ्या घेऊनही कधी कधी होतं, असं बाई काहीतरी समजावत होत्या. सकिनाबीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुनेकडे बघत होती.

"मला ठाऊक हाय, अम्मी," अम्बरीन म्हणाली. "राख मीच काढली ना, पाकिटाचा चकाकता कागद त्यात होता. नव्या आणायला पैसे मागायचे, तर त्या कशाच्या ते तुम्हाला सांगायची लाज वाटली."