समर हायवेवर आहे

दर रविवारी चार वाजता वैजयंतीताईंना मुलाचा फोन यायचा. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आमची घरं शेजारीशेजारी, त्यामुळे चहाला मी तिथेच असायचे.

समर एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी त्याचा डिव्होर्स झाला, पाठोपाठ आयटीतली नोकरी गेली. मग एक दिवस म्हणाला, "आई, मी अमेरिकेत जातोय. ट्रक चालवायला."

तेव्हापासून तो न्यू मेक्सिकोत, हायवे सिक्स्टीवर. टेक्सासच्या हद्दीपासून ॲरिझोनापर्यंत हा रस्ता अख्खं राज्य ओलांडतो. क्लोव्हिस, फोर्ट समनर, व्हॉन, माउंटनेअर, सोकोरो... ताईंना गावं तोंडपाठ झाली होती. फोनवर हवामानसुद्धा त्या तिथलंच बघायच्या.

"कुठे पोचलास?"

"मॅग्डलिना सोडलं. आता पाय टाऊन."

"खाल्लंस का काही?"

"हो, माझा ब्रेकफास्ट झाला."

मार्चमधल्या एका रविवारी फोनच्या स्पीकरवर त्याच्या मागून स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू आली. लंडन वॉटरलूची ट्रेन, हुक आणि विंचफिल्डला थांबणारी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "सांभाळून चालव हं."

हुकच्या आधीचं स्टेशन बेसिंगस्टोक. आमच्यापासून जेमतेम तासाभरावर.

पुढच्या रविवारी त्या एकट्याच तिथे गेल्या. चारला पाच मिनिटं असताना समोरच्या प्लॅटफॉर्मवर समर आला. अंगात कुठल्याशा वेअरहाऊसचं पिवळं जाकीट, बराच वाळलेला. बाकावर बसून त्याने फोन लावला. ताईंच्या पर्समध्ये रिंग वाजली.

"आई, आज मी डेटिलला..."

"समर, समोर बघ."

त्याने पाहिलं.

"घरी चल, राजा. मी काही विचारणार नाही."

"सॉरी, आई," एवढंच तो म्हणाला. फोन कट करून भराभरा जिना उतरून गेला. ताईंचे गुडघे दुखरे. त्या खाली पोचेपर्यंत तिथे कोणीच नव्हतं.

तो नंबर आता बंद आहे. पोलिसांनी त्याला शोधलं, पण तो सुखरूप आहे आणि पत्ता द्यायची त्याची इच्छा नाही, यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही.

परवा ताई म्हणाल्या, "मी जायलाच नको होतं गं, शिल्पा. खोटं का होईना, बोलत तर होता."