दिनकररावांनी मान टाकली

झरीजवळच्या शेतकी केंद्रावर पंचफुला खुरपायला जायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि केंद्रावर सोयाबीन नावाचं नवंच पीक आलं होतं. कोणतं वाण पाण्यावाचून तग धरतं हे बघायला शेजारी शेजारी वाफे पेरले होते. पाट्यांवरची इंग्रजी नावं बायांच्या जिभेवर बसेनात, म्हणून पंचफुलानं नवं बारसं केलं.

काळ्या दाण्याचं बुटकं वाण 'भागम्मा', कारण तिच्या जोडीची भागम्मा कसल्याही उन्हात खुरपं खाली ठेवायची नाही. उशिरा फुलणारं 'पूर्णा पॅसेंजर', कारण ती गाडी कधीच वेळेवर यायची नाही. आणि उंच, रुंद पानांच्या देखण्या वाणाला मुकादम दिनकररावांचं नाव मिळालं, कारण ऊन चढलं की त्याची पानं लोंबायची आणि दिनकररावही लिंबाखाली आडवे व्हायचे.

ऑगस्टात पावसानं दडी मारली.

"दिनकररावानं टाकली का मान?" भागम्मानं विचारलं.

"कवाच! फुलंबी गळायलीत."

"कोण बोलायलंय मला?" लिंबाखालून आवाज आला.

"कोणी न्हाई जी, पिकाचं बोलायलाव!" पंचफुला ओरडली.

एक दिवस जीपमधून मोठे साहेब आले. दिनकरराव टोपी सावरून उभे. साहेबांनी भागम्मालाच विचारलं, "बाई, आधी कोण सुकलं?"

"दिनकरराव," भोळी भागम्मा बोलून गेली.

साहेबांनी मुकादमांच्या पोटाकडे पाहिलं. "हे तर चांगले टवटवीत आहेत!"

आता रोजगार गेलाच, असं मनाशी म्हणत पंचफुलानं वाणांच्या नावांचं सगळं उलगडलं, "भागम्मा पानं उलटी करून ऊन चुकवती. पॅसेंजर अजून फुलावर आली न्हाई, म्हणून वाचली. दिनकरराव ऐन फुलात कोरड्यात घावले, साहेब."

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दिनकररावांनी मात्र पुढं आठवडाभर तिला सगळ्यात लांबच्या वाफ्यावर धाडलं.

मग पाऊस आला. रुंद पानांचं वाण पुन्हा हिरवं झालं, पण त्याला शेंगा अगदीच तुरळक. काळ्या दाण्याचं वाण शेंगांनी लगडलं, उशिराचंही बरं पिकलं.

पुढच्या वर्षी नवं वाण आलं. त्याच्या शेंगा वाळल्या की काढायची वाट न बघता तडातड फुटायच्या. दिनकररावांनी सगळ्या बायांसमोर जाहीर केलं, "हिचं नाव पंचफुला. तोंड बंदच राहत न्हाई."

बायांमध्ये हशा पिकला. पंचफुलानं कमरेला पदर खोचला आणि वाफ्यात उतरत म्हणाली, "मग बसलाव कशाला? दाणे मातीत जायलेत, चला!"

त्या दिवशी पहिल्यांदा दिनकररावांनी दुपारपर्यंत बायांबरोबर विळा चालवला.