मी नसतानाची हजेरी

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच अंगारे, गंडे, देवऋषी सगळे आमच्या घरातून बाहेर पडले, आणि त्यांना परत आत घ्यायची माझी बिलकुल इच्छा नाही. तरीही हे लिहितेय... कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही उत्तर सापडलेलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नगरला एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होते. घर जामखेडजवळच्या खेड्यात. वडील – आम्ही आबा म्हणायचो – गवंडीकाम करायचे. सकाळचा तास घेणारे आमचे एक सर हजेरीला भलते कडक. प्रत्येकाचं तोंड बघितल्याशिवाय खूण करत नसत, त्यामुळे प्रॉक्सीचं नावच नको. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नसत, आणि माझी अगदी काठावर होती.

अशात आबांना जामखेडच्या दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. मिळेल ती एसटी पकडून पोचले. मला बघून आबांचा चेहराच उतरला.

“तू कशाला आलीस? हाजरी बुडंल तुजी.”

“बुडू द्या. तुम्हाला असं टाकून जाऊ का?”

“वर्ष वाया जाईल की गं...” त्यांनी डोळे मिटले. “बरं. म्या बगतो काय करायचं ते.”

आजारी माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, असं मला वाटलं. पण त्यानंतर रोज सकाळी ते इतके गाढ झोपायचे की सिस्टरनं हलवलं तरी जाग नाही. दुपारी डोळे उघडायचे ते दमून. “पाय चोळ गं जरा... लई गार फरशी हाय तिथली.” तळपाय खरंच गारठलेले असायचे. खाटेवरून तर ते उतरलेच नव्हते. तापात बरळतात असं समजून मी चोळत राहायचे.

दोनेक आठवड्यांनी आबा गेले. सकाळीच, झोपेत.

सगळं आटोपून नगरला परतले, ती वर्ष गेलं असं धरूनच. सरांना वडील वारल्याचं सांगितलं, हजेरीत काही सवलत मिळेल का विचारलं.

“सवलत कशाला?” सर म्हणाले. “या आठवड्यात तेवढी नव्हतीस. त्याआधी रोज होतीस की.”

सरांची गल्लत होतेय असं वाटलं. बाहेर वैशाली भेटली. राहात्याची, वर्गात नेहमी माझ्या शेजारी बसणारी.

“मागच्या बाकावर का बसायचीस गं? कुणाशी बोलायची नाहीस. आणि हजेरीला ‘हाय’ काय म्हणायचीस? सर म्हणाले, ‘हाय’ नको, ‘येस सर’ म्हण. सगळा वर्ग हसला. तू नाही हसलीस.”

वर्गाला ते इंग्रजी वाटलं होतं. आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’च म्हणतात, आणि नगरला आल्यावर तो शब्द जिभेवरून घालवायला मला वर्ष लागलं होतं.

“चपलापण दाराबाहेर काढून यायचीस,” ती म्हणाली. “एवढ्या गार फरशीवर.”

शाळा असो की कचेरी, आबा चपला दाराशीच काढत. मला भीती वाटली – आणि आपल्याच बापाची भीती वाटली म्हणून रडू आलं.

मग परत सरांकडे गेले. म्हटलं, सर, त्या दिवसांत मी जामखेडला होते. त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं.

“मी तोंड बघून हजेरी लावतो,” एवढंच बोलले. “जा, अभ्यासाला लाग.”

परीक्षा दिली, पास झाले, नोकरीही लागली. ऐकणारे म्हणतात, वर्गाचा गैरसमज झाला असेल, सरांचा घोटाळा झाला असेल. असेलही. मला कुठं काय सिद्ध करायचंय...

फक्त एक. पदवीदानाला आबांना घेऊन यायचं, सगळं कॉलेज फिरून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं की ‘तेवढं राहून गेलं’ असं म्हणायला जाते आणि मध्येच थांबते. राहिलं का खरंच... मला माहीत नाही.