मॅग्नेटो आणि माझे सोमवार

तुम्हाला म्हणून सांगते — हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही, आणि तिच्यापासून मी साड्यांच्या किमती सोडल्या तर काही लपवलेलं नाही. घरात तर बोलायची सोयच नाही. ज्या गोष्टीसाठी अख्खं तलवाडा गाव माझं कौतुक करतं, त्याच गोष्टीत मी — पण थांबा. आधी गाडीचं सांगते.

आमचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, विलायतेहून आलेली जुनी मोटारसायकल पडून होती. तरुणपणी ती त्यांनी एका डॉक्टरकडून घेतली, पार नगरपर्यंत हिंडवली आणि एकदा चकलांब्याच्या रस्त्यावर बैलगाडीला धडकून हात मोडून घेतला. पुढे तिचा मॅग्नेटो — ठिणगी पाडणारा भाग, म्हणजे गाडीचा जीवच — दुरुस्तीला गेला आणि मिस्त्रीकडून हरवला. गाडी बसली ती बसलीच. शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या.

मग माझ्या नवऱ्याच्या डोक्यात भूत शिरलं. गाडी पुन्हा उभी करायची, रीतसर नोंद करायची आणि आप्पांच्या हातात द्यायची. आप्पांचं वय झालं होतं, पण पाय खणखणीत. "येकदा गेवराईला माझा मी घिऊन जातो, मग काय व्हायचं ते होऊ द्या," म्हणायचे. नवऱ्यानं दिवा, सीट, केबली सगळं जमवलं. आरटीओतले साहेब म्हणाले, कागद बघू, पण आधी गाडी चालू करून आणा. चालू कशी करणार? मॅग्नेटो कुठे होता?

तो हुडकायला आम्ही दर सोमवारी दुकानाच्या स्कूटरवरून निघायचो, कारण सोमवारी दुकान बंद. कधी आष्टी, कधी नगर, कधी संभाजीनगरचा भंगार बाजार. नवरा मला न्यायचा तो माझ्या नजरेसाठी — तांदळातला खडा मी लांबून ओळखते. आता तुम्हीच सांगा, एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी साखर संपली आणि डाळ आली यापलीकडे बोललेला नाही. पण रस्त्याला लागलं की त्याला कंठ फुटायचा. शाळेतून कसा पळायचा, दहावीत कुणाच्या मागे होता — सगळं. वाऱ्यानं अर्धं ऐकूही यायचं नाही, तरी मी हसायचे. भंगाराच्या दुकानासमोर बसून भेळ खायचो. एकदा तर मॅग्नेटो समजून शिलाई मशीनची मोटर घरी आणली. मी इतकी खूश कधीच नव्हते. खरंच नव्हते.

अशात घटस्थापनेच्या आधीची सफाई आली. आपल्याकडे घट बसायच्या आत घरातली चिंधीसुद्धा धुऊन निघते. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची लुगड्यांची पेटी तळापर्यंत कुणी उपसली नव्हती. ती मी उपसली. तळाशी लुगड्याच्या तुकड्यात, त्यांच्या त्या न सुटणाऱ्या गाठी मारून — ओळखलंत ना? ज्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन आम्ही गावोगाव हिंडत होतो, तोच. आप्पांचा हात मोडल्यावर सासूबाईंनीच मिस्त्रीला हाताशी धरून गाडीचा जीव काढून घेतला होता. मला हसू आवरेना. नवरा शेडमध्येच होता. हाक मारायला मी तोंड उघडलंही.

पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मी गाठी पुन्हा मारल्या.

एकच सोमवार, म्हटलं. मग अजून एक. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाजारात मी लोखंड उलथंपालथं करायचे, नाही म्हणून मान हलवायचे, आणि आतून अशी मजा वाटायची — लाज वाटायला हवी होती, नाही का? नाही वाटली. संध्याकाळी आप्पा ओट्यावरून विचारायचे, "सूनबाई, घावला का गं?" मी म्हणायचे, "न्हाई आप्पा, पुढच्या सोमवारी बघू." इतकं तोंड पाडून की तेच माझी समजूत घालायचे, "असू दे, लई दमलीस."

उन्हाळ्यात आप्पा न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चालतील. पुढचं आम्ही कुणी विचारलं नाही.

आप्पा घरी आल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी मॅग्नेटो पिशवीत घातला. आष्टीत नवऱ्याची पाठ फिरली तसा ढिगाऱ्यात सरकवला आणि म्हटलं, "अहो, ह्यो बघा." नवऱ्यानं तो उचलून छातीशीच धरला. भंगारवाल्यानं भाव चढवला, आणि मी माझ्याच घरातल्या वस्तूसाठी त्याच्याशी घासाघीस केली. जिंकलेसुद्धा.

पुढचा आनंद काय सांगू! मॅग्नेटोचं वायंडिंग नवं झालं, आणि किका मारून मारून नवरा घामाघूम झाल्यावर ती गाडी अशी धडधडली की गल्ली गोळा झाली. मग ती पास झाली, नंबर पडला, पेढे वाटले. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "लेकाला न्हाई घावला, माझ्या सुनंनं हुडकला." बचत गटाच्या बायकांनी मला शाल पांघरली. मी ती पांघरून घेतली — फोटोही काढला.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. नवरा पुढे बसला, आप्पांना गल्लीतल्या पोरांनी उचलून मागे बसवलं, आणि गावातून फेरी निघाली. आप्पांचं हसू तोंडात मावत नव्हतं. दारावरून गाडी गेली तेव्हा मी ओट्यावर उभी होते. त्यांचा डावा हात लेकाच्या खांद्यावर होता. उजवी मूठ स्वतःच्या मांडीवर, आणि ती मूठ ते पिळत होते — चढाला आवळून, वळणावर सैल.

मला सापडला त्या दिवशी मी तो दिला असता, तर संक्रांतीच्या आत आप्पा स्वतः गाडी चालवत गेवराईला गेले असते. मी दिला नाही. मला सोमवार हवे होते, आणि ते मी घेतले.